गाण्याचं सपाटीकरण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते रात्रीही झोपत नाहीत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या दिशेनं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चाललेले असतात. ट्रॅक्टर नजरेला पडायच्या आधी त्याच्यावरचं गाणं कानावर येतं. गाणं भक्तिगीत असेल, लावणी असेल, नाहीतर नव्या सिनेमातलं असेल. लांबून ऐकणाऱ्याला त्यात फरक करता येत नाही. खालून धडधड आणि वरून चरचर, एवढंच पोचतं. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, म्हणून पोलीस मोठ्या आवाजातल्या गाण्यांबद्दल सूचना देत असतात. अपघाताचा तो प्रश्न गंभीर आहेच. पण आज मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. इतक्या मोठ्यानं वाजणाऱ्या त्या गाण्याचं गाणं म्हणून काय झालं आहे?

आवाज वाढला आणि गाणं मात्र ऐकू येईनासं झालं, असं आपल्यापैकी अनेकांना जाणवत असेल. त्यावर वडीलधाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: जुनं ते सोनं. मला ते उत्तर पटत नाही, कारण जुन्या ध्वनिमुद्रणात सोन्याबरोबर मातीही पुष्कळ होती.

तीन मिनिटांची तबकडी

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात. तिथल्या माणसांना हे गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गायिका शेवटी स्वतःचं नाव सांगत असे. खर्जातला आवाज त्या रेघेत उमटत नसे, साथीची वाद्यं अर्धी-मुर्धी ऐकू येत आणि सगळ्यावर खरखर असे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. १९५३ मध्ये आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. मध्यम लहरींवरच्या रेडिओवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ येतच नसे. माणसाचा धडधाकट कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. म्हणजे आवाजाच्या पट्ट्याचा वरचा मोठा भाग रेडिओवर गाळलेलाच होता. पुढे कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्ये काढली आणि १९८० च्या दशकात ती आपल्या गावोगावी पोचली. तिच्यात सुंऽऽ असा आवाज कायमचा वस्तीला होता.

मग १९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घ्यायची, ती आकड्यांत साठवायची आणि आकड्यांवरून पुन्हा आवाज तयार करायचा. खरखर गेली, सुं गेलं. अगदी हळू आवाज आणि अगदी मोठा आवाज यांच्यात ९६ डेसिबलपर्यंत अंतर ठेवता येईल, एवढी जागा मिळाली. कॅसेटमध्ये ती पन्नास-साठ डेसिबलच्या आसपास असे. म्हणजे यंत्र सुधारत गेलं, यात शंका नाही. तरीही ऐकणं बिघडलं. हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

दिंडीतला उंच-सखलपणा

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे सणसरचा मुक्काम, मग बेलवाडीला पहिलं गोल रिंगण, नंतर निमगाव केतकीवरून इंदापूर. या वाटेवर दिंडी कशी ऐकू येते, ते आठवून पाहा. वीणेकऱ्याची वीणा अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही. एकट्यानं उचललेलं अभंगाचं पहिलं चरण त्याहून जरा मोठं. मग पखवाजाची थाप पडते, आणि मग शे-दोनशे टाळ एकदम वाजतात. तेव्हा छातीत काहीतरी हलतं. ते का हलतं? टाळ मोठ्यानं वाजले म्हणून हलतं हे खरं, पण त्याआधी सगळं हळू होतं म्हणूनही हलतं. वीणेचा आवाज आणि टाळांचा आवाज यांच्यातलं जे अंतर आहे, त्या अंतरात दिंडीचं संगीत राहतं.

आता तेच रिंगण मोबाइलवर मुद्रित करून घरी ऐका. मोबाइलमध्ये आवाज आपोआप सांभाळण्याची सोय असते. हळू आवाज आला की फोन तो वाढवतो, मोठा आला की दाबतो. त्यामुळे एकट्याचं चरण, शेजाऱ्याचं बोलणं, वाऱ्याचा घोंगाट आणि दोनशे टाळ ही सगळी मंडळी एकाच उंचीवर येऊन बसतात. फोनचा छोटा स्पीकर खर्ज वाजवू शकत नाही. त्यामुळे कणीक लावलेल्या डाव्या पुडीची धूम गायब होते आणि पखवाजाची नुसती टकटक उरते. रिंगणाला उभं राहून आलेला माणूस हे ऐकतो आणि म्हणतो, छे, तिथली मजा यात नाही. त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ती मजा यंत्रानं पुसली आहे.

आपल्याकडे बुलडोझर लावून रान सपाट करतात. टेकाड कापायचं, खोलगट भरायचं, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं बसतं. उसाच्या रानाला ते योग्यच आहे. गाण्याचंही असंच सपाटीकरण केलं जातं, फक्त गाण्याला ते मानवत नाही.

हे कोणी आणि का केलं?

कोणत्याही डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाला एक कमाल मर्यादा असते. तिच्या वर आवाज जाऊच शकत नाही. गेला तर तो तुटतो, फाटतो. मग गाणं अधिक मोठं कसं करायचं? एकच वाट उरते. मोठे ठोके दाबून खाली आणायचे आणि नंतर सगळ्या गाण्याची पातळी वर ढकलायची. कमाल मर्यादा तीच राहते, पण आधी जे हळू होतं तेही आता छताला टेकतं. स्टुडिओत हे काम करणाऱ्या यंत्रणेला काँप्रेसर आणि लिमिटर म्हणतात.

हे करण्यामागे व्यापार आहे. एकच गाणं दोनदा ऐकवलं आणि दुसऱ्यांदा ते थोडंसं मोठं लावलं, तर बहुतेकांना दुसरंच बरं वाटतं. दुकानात, रेडिओवर, गाडीत आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा उठून दिसावं, असं प्रत्येक कंपनीला वाटतं. एकानं पातळी वाढवली की दुसरा वाढवतो. १९९० च्या दशकात संगणकावर हे काम सोपं झालं आणि जगभर ही चढाओढ लागली. इंग्रजीत तिला मोठ्या आवाजाचं युद्धच म्हणतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेटॅलिका या प्रसिद्ध रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनीच तक्रार केली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये वापरली होती आणि तिथे ती इतकी दाबलेली नव्हती. हजारो लोकांनी निवेदनावर सह्या करून हा अल्बम पुन्हा नीट तयार करा, अशी मागणी केली. धांगडधिंगा ज्यांना आवडतो, त्यांनाही सपाट धांगडधिंगा नको होता. ढोल मोठा वाटायला दोन ठोक्यांमध्ये शांतता लागते, हे ते विसरले नव्हते.

आपल्याकडे सिनेमाची गाणी, भक्तिगीतं आणि लोकगीतं यांचंही तेच झालं. संबळ, हलगी, तुतारी ही मुळातच मोठ्या आवाजाची वाद्यं. जागरण-गोंधळात संबळ वाढत जाते आणि मध्येच थांबते. त्या थांबण्यात गोंधळ्याचं निरूपण येतं. बाजारातल्या पुष्कळशा मुद्रणांत संबळ आणि निरूपण एकाच उंचीवर असतात. कान दोन-तीन गाण्यांनंतर थकतो. मग माणूस गाणं बदलत राहतो आणि एकही पुरं ऐकत नाही.

डॉल्बी नावाची गंमत

या सगळ्यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरची भिंत उभी करतात, तिला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. डॉल्बी आली की खिडक्यांची तावदानं हलतात. पण हे नाव ज्यांचं आहे, त्या रे डॉल्बी यांनी काय केलं होतं?

हे अमेरिकन अभियंते १९६० च्या दशकात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंडीगडला होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. फितीवरचा सुं आवाज कमी करण्याची युक्ती त्यांनी शोधली. मुद्रण करताना गाण्यातले हळू आवाज उचलून घ्यायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर फितीचा सुं आवाजही खाली जातो. जुन्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एन.आर.’ असं बटण असायचं, ते याच युक्तीचं. म्हणजे हळू आवाज स्वच्छ ऐकू यावा, यासाठी ज्या माणसानं कष्ट घेतले, त्याचं नाव आपण हळू आवाज पूर्ण बुडवणाऱ्या भिंतीला दिलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम देशात २००० पासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत लिहिलेली आहे. त्या नियमांचं काय होतं, हे मिरवणुकीच्या दिवशी सगळेच ऐकतात. पण त्या वादात एक मुद्दा राहून जातो. डॉल्बी बंद करा किंवा चालू ठेवा, एवढ्यावरच सगळे भांडतात. डॉल्बीवर वाजणारं गाणं आधीच दाबून सपाट केलेलं आहे, याबद्दल कुणी बोलत नाही.

सातबाराच्या झेरॉक्सची झेरॉक्स

सपाटीकरण हा एक भाग झाला. दुसरा भाग आहे गाणं लहान करण्याचा.

सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीच्या आसपास जातं. इंटरनेटवरून पाठवायला आणि छोट्या कार्डात ठेवायला हे फार होतं. त्यासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत विकसित केली. तिला १९९५ मध्ये एमपी-थ्री हे नाव मिळालं. तिचं तत्त्व हुशारीचं आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा हळू आवाज कानाला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? असे आवाज गाळत गेलं की १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये गाणं मूळच्या अकराव्या हिश्शात बसतं.

ब्रांडेनबुर्ग यांनी पद्धत पारखायला निवडलेल्या गाण्यांत सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे एकही वाद्य नसलेलं गाणं होतं. सुरुवातीच्या प्रयोगांत तो एकटा आवाज फार वाईट येत असे, आणि तो सुधारण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा काम करावं लागलं. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो, उघड्या गळ्यात लपत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसरी अडचण झणझणाटाच्या वाद्यांची. टाळ, झांजा, चिपळ्या यांचा आवाज क्षणात उसळतो आणि त्यात उंच कंप भरलेले असतात. नेमके हेच आवाज एमपी-थ्रीला जड जातात. फाइल फार लहान केली की टाळाचा खणखणीत ठोका पसरतो आणि पाण्यातून आल्यासारखा सळसळ वाजतो. म्हणजे आपलं भजन हे या पद्धतीला सगळ्यात कठीण जाणाऱ्या संगीतापैकी आहे. आणि आपण नेमकं तेच सगळ्यात लहान फाइलमध्ये भरलं.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. बारामतीच्या बाजारपेठेत, इंदापूरच्या किंवा भिगवणच्या स्टँडाजवळ, मोबाइलच्या दुकानावर पाटी असायची: मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील. एक जीबीच्या कार्डात १२८ किलोबिटची अडीचशे गाणी बसत. गिऱ्हाइकाला पाचशे हवी असत, मग दुकानदार तीच गाणी आणखी लहान करून भरायचा. ते गाणं आधी कुणीतरी कॅसेटवरून संगणकावर घेतलेलं, मग एमपी-थ्री केलेलं, मग पुन्हा एमपी-थ्री केलेलं. सातबाराच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शेवटी गट नंबर वाचता येत नाही, तसं त्या गाण्याचं झालं. त्या दुकानदारांना मी दोष देत नाही. गाव-वस्तीवर गाणं पोचवण्याचं काम त्यांनी केलं आणि तेव्हा कार्डात जागाच तेवढी होती. आज ६४ जीबीच्या कार्डात सीडीच्या दर्जाची, काहीही न गाळलेली, दीड हजार गाणी बसतात. अडचण संपली, सवय मात्र राहिली. अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवरून गाणं पुढे जाताना पुष्कळदा दाबलं जातं, ब्लूटूथवरून स्पीकरकडे जाताना पुन्हा दाबलं जातं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १२८ ची फाइल ३२० ची करून दिली की आवाज सुधारतो, असं सांगणारे भेटतात. तसं होत नाही. एकदा गाळलेलं परत येत नाही. गुळाचा पुन्हा ऊस होत नाही.

दाबण्यालाही जागा आहे

काँप्रेसर हे मुळात वाईट यंत्र नाही, हेही सांगायला हवं. माझा हा आवाज तुमच्यापर्यंत येतानाही नभोवाणीच्या यंत्रणेत थोडा सांभाळला जातो, म्हणून मी मान वळवली तरी शब्द तुटत नाही. स्वयंपाकघरात कुकर लागलेला असताना बातम्या ऐकू याव्यात, यासाठी ते गरजेचं आहे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ऐंशी-नव्वद डेसिबलच्या घरात असतो. तिथे वीणेचा झंकार ऐकू येणार नाही हे उघड आहे. रात्रभर जागून ऊस वाहणाऱ्या माणसाला डोळा लागू नये म्हणून गाणं लागतं, ही त्याची गरजही खरी आहे.

पण त्याच्या कानांचाही विचार करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१९ मध्ये मिळून जी मर्यादा सुचवली, तिच्यानुसार आठवड्याला ८० डेसिबल आवाज चाळीस तास ऐकणं ठीक. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त चार तास. इंजिनावर मात करण्यासाठी लावलेलं सपाट गाणं ही मर्यादा एका रात्रीत ओलांडतं, आणि त्यात हळू जागाच नसल्यामुळे कानाला उसंत मिळत नाही. आधी उंच आवाज जातात. टाळेतली झणक आणि बोलण्यातले स, श, फ. माणूस म्हणतो गाण्यात मजा नाही, आणि आवाज आणखी वाढवतो.

म्हणून प्रश्न जागेचा आहे. रस्त्यावरच्या, इंजिनाजवळच्या ऐकण्यासाठी दाबलेलं गाणं चालेल. पण ती दाबलेली प्रतच गाण्याची एकमेव प्रत असता कामा नये.

एकमेव प्रत

आणि इथेच खरी काळजी आहे. कंपन्यांनी काढलेल्या गाण्यांच्या मूळ फिती कुठेतरी असतात. उद्या कुणीतरी त्या पुन्हा नीट काढील. परदेशात तसं होतंही आहे. २००६ मध्ये आवाजाची सरासरी पातळी मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी त्यावर आपले नियम केले, आणि इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता जास्त मोठं केलेलं गाणं आपोआप खाली आणतात. त्यामुळे दाबून मोठं करण्यातला फायदा कमी होत चालला आहे.

आपल्या घरातल्या कॅसेटींना मात्र दुसरी मूळ प्रत नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत हरिनाम सप्ताहातली कीर्तनं, गावच्या भजनी मंडळाची भजनं, धनगरी ओव्या, गजी ढोल, जत्रेतली शाहिरी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आपल्या लोकांनी टू-इन-वनवर मुद्रित करून ठेवल्या. त्या कॅसेटी अजून माळ्यावर, ट्रंकेत, देवळाच्या कपाटात आहेत. गाणाऱ्यांपैकी कितीतरी माणसं आता नाहीत. फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तिच्यावरचा थर सुटतो. वाजवणारे डेकही कमी होत चालले आहेत. आणि त्या वाचवायच्या म्हणून आपण काय करतो? टेपसमोर मोबाइल धरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि कॅसेट भंगारात देतो. त्या क्षणी ती दाबलेली, गाळलेली फाइल ही त्या गळ्याची एकमेव प्रत होते.

हे नीट करता येतं, याचं मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचं काम पुण्यातून चाले. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानं त्यांतल्या हजारो ओव्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात, चांगल्या यंत्रावर मुद्रित झाल्या. पुढे २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या सगळ्यांना ऐकण्यासाठी खुल्या करायला सुरुवात केली. इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. साथीला वाद्य नाही, उघडा गळा आहे, आणि कुठे कुठे जात्याची घरघर आहे. मघाशी सांगितलं तो कठीण प्रकार हाच. मुद्रण नीट झालं म्हणून आज त्या बाईचा ओवी संपतानाचा श्वास आपल्याला ऐकू येतो. तेच मुद्रण गाळून-दाबून झालं असतं तर शब्द राहिले असते, बाई राहिली नसती.

आपल्या हातात काय आहे?

यासाठी स्टुडिओ लागत नाही. चालू स्थितीतला एक कॅसेट डेक मिळवा. त्याचं हेड स्पिरिटनं पुसून घ्या. डेकच्या मागच्या ‘लाइन आउट’मधून वायर थेट संगणकाला जोडा, स्पीकरसमोर मोबाइल धरू नका. पातळी लावताना सगळ्यात मोठा ठोका छताच्या बराच खाली राहील असं बघा. थोडं हळू मुद्रित झालं तर नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. फाइल ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ या प्रकारात ठेवा. वेव्हमध्ये तासाभराची कॅसेट सुमारे ६३५ एमबी घेते. एक टीबीच्या डिस्कवर दीड हजार तास मावतात. एका गावातल्या सगळ्या कॅसेटी मिळूनही एवढे तास क्वचितच भरतील. फ्लॅकमध्ये जागा आणखी कमी लागते आणि काहीही गाळलं जात नाही. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका, कारण खरखरीबरोबर टाळही जातो. दोन ठिकाणी दोन प्रती ठेवा, आणि त्यावर कोण गातंय, गाव कुठलं, साल कुठलं ते लिहा. गौहर जान स्वतःचं नाव सांगून गेल्या म्हणून आज त्या तबकडीवरचा आवाज कुणाचा ते कळतं. आपल्या गावच्या बुवांनी सांगितलेलं नसेल, तर ते आपण लिहायचं. हे झाल्यावर मग व्हॉट्सअ‍ॅपसाठी खुशाल लहान फाइल करा. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती वाटेत आणखी दाबली जात नाही. कॅसेट मात्र टाकू नका.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या ‘वसुंधरा वाहिनी’सारखं सामुदायिक नभोवाणी केंद्र उभं राहिलं. महाविद्यालयांत संगणक आहेत, ते चालवणारी मुलं आहेत. एका सुट्टीत एका गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी, एवढं काम त्यांना अवघड नाही. गावागावातल्या सप्ताह समित्या मंडपावर आणि कर्ण्यांवर जो खर्च करतात, त्याच्या अगदी थोड्या भागात एक बरा माइक आणि एक रेकॉर्डर येईल. पुढच्या सप्ताहाचं कीर्तन तरी नीट राहील.

शेवटी एक छोटी गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी. मोरोपंतांनी बारामतीत बसून आर्या लिहिल्या, तेव्हा त्या ऐकवायला कर्णा नव्हता. पुराणिक सांगत, कीर्तनकार गात आणि लोक शांत बसत, म्हणून मागच्या माणसालाही ऐकू जाई. हळू आवाज ऐकू यायचा असेल तर गाणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही काहीतरी करावं लागतं. या आठवड्यात एकदा, रात्री घर शांत झाल्यावर, एखादं जुनं चांगलं मुद्रण बऱ्या स्पीकरवर लावा आणि आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. तानपुरा ऐकू येतो का बघा. गाणारा श्वास कुठे घेतो ते बघा. आणि त्याच शांततेत माळ्यावरची ती ट्रंक उघडून, कॅसेटींवर काय काय लिहिलंय, तेही एकदा वाचून काढा.